सिनेटमधलं एक मत आणि मिसिसिपीतले ८७ टक्के

नागरी हक्कांच्या कायद्यावर नेता कोणत्या बाजूला उभा राहतो, यावर मतं फिरतात का? माझ्या मते फिरतात, आणि कधीकधी कायमची. अमेरिकेची १९६४ ची निवडणूक बघा.

१९ जून १९६४ ला सिनेटने नागरी हक्क विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केलं. विरोधात गेलेल्यांत ॲरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर होते. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता, हे विसरू नका. या वेळी त्यांचा आक्षेप होता हॉटेल-खानावळी आणि नोकऱ्यांतला भेदभाव रोखणाऱ्या कलमांना. खासगी व्यवहारात केंद्राने हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं.

महिन्याभरात रिपब्लिकन पक्षाने त्यांनाच अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी ४४ राज्यं घेतली. गोल्डवॉटरना मिळाली सहा: स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच. त्यातल्या जॉर्जियाने त्याआधी एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला नव्हता! मिसिसिपीत तर ८७ टक्के मतं. पण तिथे बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नावच लावू दिलं जात नव्हतं, त्यामुळे हा कौल जवळजवळ फक्त गोऱ्यांचा.

देशभरातल्या कृष्णवर्णीय मतदारांपैकी सुमारे एक तृतीयांश १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांच्यासोबत होते. १९६४ नंतर ते रिपब्लिकन पक्षाकडे त्या प्रमाणात परतलेच नाहीत.

अर्थात देशभरातल्या पराभवाला अणुयुद्धाची धास्ती आणि आधीचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर जॉन्सन यांना मिळालेली सहानुभूतीही कारण होती. दक्षिणेतला उलटा कौल मात्र गोल्डवॉटरांच्या सिनेटमधल्या त्या एका मताशिवाय समजत नाही.