ऋणनिर्देश यंत्राचा

प्रबंधाच्या सुरुवातीला 'ऋणनिर्देश' नावाचे एक पान असते. मार्गदर्शकांपासून ग्रंथपालांपर्यंत आणि टंकलेखन करून देणाऱ्यापासून घरच्या मंडळींपर्यंत साऱ्यांचे आभार त्यावर मानलेले असतात. बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जातात. अलीकडे मात्र या दुर्लक्षित पानाला एकदम महत्त्व आले आहे. ज्या यंत्राने मजकूर लिहून दिला, निदान लिहायला हातभार लावला, त्याचा उल्लेख तिथे करायचा की नाही, आणि करायचा तर कसा, हा प्रश्न जगभरच्या विद्यापीठांपुढे उभा आहे. तो आता आपल्या घरातही आला आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'ओपनएआय' या अमेरिकन कंपनीने 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले केले. प्रश्न टाइप करावा आणि काही सेकंदांत सुबक परिच्छेद समोर यावेत, ही किमया कॉलेजच्या मुलांना कोणी शिकवावी लागली नाही. अर्थात, आयते लिहून घेण्याची रीत या यंत्राने आणली असे कोणी म्हणू नये. सीनियरची जर्नले उतरवणे, गाइडमधली उत्तरे जशीच्या तशी लिहिणे, झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट बांधून आणणे, हे सारे आजच्या पालकांनीही आपल्या दिवसांत पाहिले आहे. फरक असा, की उतरवलेल्या मजकुराला कुठेतरी मूळ असे आणि ते सापडले की चोरी उघडी पडे. हे यंत्र दर वेळी नवी वाक्ये जुळवते. मूळ शोधणार कुठे?

चाळणी अपुरी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. पुढे ४० आणि ६० टक्के अशा पायऱ्यांनी ती वाढत जाते. पण हे मोजमाप आहे ते दुसऱ्याच्या लेखनाशी असलेल्या साम्याचे. यंत्राचा ताजा मजकूर या चाळणीतून सहज निसटतो.

मग यंत्राचे लेखन ओळखणारी दुसरी यंत्रे निघाली. खुद्द ओपनएआयने असे एक साधन काढले. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के मजकूर ते ओळखत होते आणि माणसाच्या लेखनापैकी ९ टक्के लेखनाला यंत्राचे ठरवत होते, हे कंपनीनेच सांगितले होते. जुलै २०२३ मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी 'टोफेल' परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. ठरावीक शब्द आणि साधी, सरळ वाक्ये, एवढाच या लेखकांचा गुन्हा!

मराठी शाळेतून आलेल्या आणि जपून, पाठ केल्यासारखे इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या दृष्टीने ही गोष्ट साधी नाही. खोटा आळ सर्वांत आधी येईल तो त्यांच्यावर.

सांगण्यातच संरक्षण

समजा, अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी तालुक्यातील महिला बचत गटांवर प्रोजेक्ट करते आहे. घरोघरी जाऊन तिने बायकांशी मराठीतून बोलून माहिती जमवली, तक्ते स्वतः केले. प्रोजेक्ट मात्र इंग्रजीत द्यायचा आहे. तिने आपली वाक्ये यंत्राकडून सुधारून घेतली आणि ती गोष्ट लपवली. उद्या शिक्षकांना संशय आला, तर तो भाषेपुरता राहणार नाही. उन्हातान्हात फिरून जमवलेली माहितीही खोटी ठरेल. घेतलेली मदत लपवली की स्वतःचे कष्टही वेगळे काढून दाखवता येत नाहीत.

याउलट तिने प्रोजेक्टच्या सुरुवातीला चार ओळी लिहिल्या तर? 'प्रोजेक्टमधील इंग्रजी वाक्ये सुधारण्यासाठी अमुक तारखेस चॅटजीपीटीची मदत घेतली. मुलाखती, तक्ते आणि निष्कर्ष माझे आहेत. दिलेले सर्व संदर्भ मी स्वतः पाहिले आहेत.' सोबत आपला कच्चा मसुदा आणि यंत्राशी झालेला संवाद परिशिष्टात जोडला, की शंकेला जागा उरत नाही.

यंत्राचे वाक्यच उद्धृत करायचे असेल तर त्याच्याही रीती ठरू लागल्या आहेत. अमेरिकेतील 'एपीए' पद्धतीत कंपनीचे नाव लेखकाच्या जागी येते. 'एमएलए' पद्धतीत यंत्राला लेखक मानत नाहीत. विचारलेला प्रश्न, साधनाचे नाव आणि तारीख देतात. तारीख कशाला? पुस्तकाचे पान दहा वर्षांनीही तेच असते. यंत्राला तोच प्रश्न उद्या विचारला तर उत्तर वेगळे येऊ शकते.

लेखक कोण?

'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्येच दोन नियम जाहीर केले. यंत्राला लेखक म्हणून मान्यता नाही. आणि त्याची मदत घेतली असेल तर ती लेखात नोंदवली पाहिजे. कारण सरळ आहे. लेखक म्हणजे लिहिलेल्याचा जाब देणारा. यंत्र जाब देऊ शकत नाही.

हा जाब किती खरा असतो, ते जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांना कळले. विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात चॅटजीपीटीने पुरवलेले निवाडे त्यांनी न्यायालयात सादर केले होते. ते निवाडे कधी झालेलेच नव्हते! ५,००० डॉलर दंड झाला. यंत्राची मदत घेण्यात मुळात गैर काही नाही, पण न्यायालयात मांडलेल्या गोष्टीच्या खरेपणाची जबाबदारी वकिलाची, असे न्यायाधीशांनी निकालपत्रात स्पष्ट केले. विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. यंत्राने सांगितलेले पुस्तक संदर्भसूचीत घालण्यापूर्वी ते कपाटातून काढून उघडून पाहावे. वरच्या चार ओळींतले शेवटचे वाक्य म्हणूनच सर्वांत कठीण. ते खरे लिहिता यावे यासाठी ग्रंथालयाची पायरी चढावीच लागते.

मराठीला ऋणनिर्देशाचे वावडे कधीच नव्हते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काळ नोंदवला आहे, तसे ग्रंथ लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नावही आहे. व्यासांचे आणि आधीच्या भाष्यकारांचे ऋण ज्ञानदेवांनी मोकळेपणाने सांगितले आहे. त्याने ग्रंथाचे मोल तसूभरही कमी झाले नाही.

मात्र मुलांकडून खरे ऐकायचे असेल, तर खरे सांगणाऱ्याचे नुकसान होता कामा नये. ऋणनिर्देशाच्या चार ओळी लिहिल्या म्हणून गुण कापले जाणार असतील तर त्या कोण लिहील? कोणत्या असाइनमेंटमध्ये यंत्राची कितपत मदत चालेल, हे शिक्षकांनी विषय देतानाच सांगावे आणि शंका आली तर साधनाच्या टक्केवारीवर न विसंबता विद्यार्थ्याला समोर बसवून दहा मिनिटे बोलावे. विचार ज्याचे असतात त्याला ते आपल्या शब्दांत मांडता येतात, मग भाषा थोडी अडखळली तरी चालते.

घरच्यांनाही यात एक काम आहे. 'झाला का प्रोजेक्ट?' हे आपण विचारतोच. 'यातले तुझे काय?' हेही विचारत जावे. उत्तर द्यायला मूल जरा थांबेल. थांबू द्यावे.