लक्ष न मागणारे संगीत
(द्वितीय वर्ष, कला)

संगीत म्हटले की गायक, शब्द आणि चाल या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे येतात. या तिन्ही काढून टाकल्या तर मागे जे उरेल त्याला संगीत म्हणावे काय? 'द ऑर्ब' या इंग्लिश संगीतसमूहाची ध्वनिमुद्रणे ऐकताना मला हा प्रश्न पडला.

या प्रकाराला 'अँबियंट' संगीत म्हणतात. अँबियंट म्हणजे सभोवतालचे. हे नाव रूढ केले ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराने. १९७५ साली लंडनमध्ये त्याला अपघात झाला. तो अंथरुणाला खिळला असताना एका मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याची रेकॉर्ड आणून दिली. ती लावून तो कसाबसा आडवा झाला, तेव्हा लक्षात आले की आवाज फारच लहान राहिला आहे. पुन्हा उठण्याची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. त्या आवाजात हार्पचे सूर मधूनच वर येत आणि बुडत. संगीत खोलीतल्या उजेडासारखेही असू शकते, हे त्याला तेथे उमगले. हवे तर लक्ष द्यावे, नको तर देऊ नये. १९७८ साली त्याने विमानतळांसाठी म्हणून अशी एक रेकॉर्ड काढली.

ऑर्बची सुरुवात १९८८ साली ॲलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी यांनी लंडनमध्ये केली. 'हेवन' या नाइटक्लबात १९८९ साली नाचून थकलेल्यांसाठी वेगळी खोली असे. तेथे हे दोघे रेकॉर्डी लावत. ठोका बाजूला ठेवायचा, एकाच वेळी अनेक रेकॉर्डी फिरवायच्या आणि एक आवाज विरत असतानाच दुसरा हळूच आत आणायचा, अशी ही रीत. पुढे स्टुडिओत सँपलर हे यंत्र मदतीला आले. त्यात आवाजाचा तुकडा साठवून तो हवा तितक्या वेळा वाजवता येतो.

१९९० सालचे 'लिटल फ्लफी क्लाउड्स' असेच घडले. रिकी ली जोन्स ही अमेरिकन गायिका एका मुलाखतीत बालपणीच्या आकाशाविषयी बोलते. तिचे ते बोलणे आणि स्टीव्ह राइख यांच्या रचनेतील गिटार यांवर सारी रचना उभी आहे. मात्र जोन्सच्या आवाजासाठी परवानगी घेतलेली नव्हती. ते प्रकरण पुढे कोर्टाबाहेर पैसे देऊन मिटले. कल्पना कितीही सुंदर असली तरी दुसऱ्याचा आवाज विचारूनच घ्यावा, असे मला वाटते.

१९९२ सालच्या 'ब्लू रूम'ची गोष्ट मोठी गमतीची आहे. ब्रिटनच्या विक्रीयादीत ४० मिनिटांपर्यंतचीच रचना 'सिंगल' म्हणून धरली जाई. यांनी ३९ मिनिटे ५७ सेकंदांची रचना केली! ती आठव्या क्रमांकावर पोहोचली. दूरदर्शनवरील लोकप्रिय कार्यक्रमात बोलावणे आले, तेव्हा पॅटरसन आणि त्याचा नवा साथीदार चक्क बुद्धिबळ खेळत बसले. वाजवतो आहोत असे नाटक करण्यापेक्षा ते प्रामाणिकच म्हणायचे. त्याच वर्षी त्यांचा 'यू. एफ. ऑर्ब' हा संग्रह तेथे पहिल्या क्रमांकावर गेला.

आमचे घर एका खोलीचे. बाबा रात्रपाळी करून येतात आणि दिवसा झोपतात. बाहेर लाऊडस्पीकर चालूच असतो. त्या गोंगाटात मी इअरफोन लावून 'ब्लू रूम' ऐकत अभ्यास करते. एकदा बाबांनी एक इअरफोन स्वतःच्या कानाला लावला आणि थोड्या वेळाने विचारले, "अगं, गाणं सुरू कधी व्हायचं?" तोवर ते सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती.

मी हसले, पण प्रश्न खरा होता. आपल्याकडे लक्ष द्या, असे ओरडून सांगणारे आवाज आपल्याभोवती पुष्कळ आहेत. काहीच न मागणारा आवाज ओळखायला वेळ लागतो. बाबा इअरफोन कानात ठेवूनच झोपी गेले. मी तो काढला नाही. मला वाटते, माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळाले.