लायडारची झडप : केव्हा उघडायची?

डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी येतो. मधला वेळ मोजला की डोंगराचे अंतर काढता येते. हे उदाहरण आपण वर्गात नेहमीच देतो. काही मोटारींवर बसवलेला लायडार हेच करतो. फक्त हाकेऐवजी तो लेसरचा अत्यंत अल्पकाळाचा स्पंद पाठवतो.

प्रकाश १ नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) सुमारे ३० सेंमी जातो. जाणे-येणे धरले तर १ नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंमी अंतर. १५० मीटरवरील ट्रकवरून प्रकाश परत यायला १००० नॅनोसेकंद लागतात.

परतणारा प्रकाश फार क्षीण असतो. तो टिपण्यासाठी अनेक लायडारमध्ये असा सिलिकॉन डायोड वापरतात, की ज्यात एका फोटॉननेही इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुरू होऊ शकतो. त्यासाठी डायोडला ठरावीक मर्यादेहून थोडे जास्त उलटे व्होल्टेज द्यावे लागते. याला आम्ही उंदराच्या सापळ्याची उपमा देतो. एक उंदीर अडकला की सापळा पुन्हा लावेपर्यंत दुसरा निसटतो. हा वेळ २० नॅनोसेकंद धरला, तर तेवढ्यात ३ मीटरचा पट्टा न पाहताच निघून जातो.

आता अडचण पाहा. स्पंद बाहेर पडतानाच त्याचा थोडा भाग लायडारच्या स्वतःच्या काचेवरून परततो आणि सापळा मिटतो! काही वटवाघळांनी अशाच अडचणीवर उपाय शोधला आहे. चीत्कार करण्याच्या क्षणी त्यांच्या मध्यकर्णातील स्नायू आकुंचन पावतो आणि कान काहीसा बधिर होतो. प्रतिध्वनी येईपर्यंत तो पुन्हा सैल पडतो. लायडारमध्येही स्पंद निघताना व्होल्टेज मर्यादेखाली ठेवतात आणि मग वाढवतात. हीच ती 'झडप'.

दुसरी अडचण सूर्यप्रकाशाची. झडप सुरुवातीपासून उघडी असेल, तर दूरचा प्रतिसाद येण्याआधीच उन्हातला एखादा फोटॉन सापळा मिटवतो. लेसरची शक्ती हवी तेवढी वाढवता येत नाही, कारण रस्त्यावरील माणसांचे डोळे जपायचे असतात. म्हणून अंतराचे पट्टे पाडता येतात. काही स्पंदांना पहिले ५० मीटर पाहायचे. पुढच्या स्पंदांना झडप ३३३ नॅनोसेकंदांनी उघडून ५० ते १०० मीटरचा पट्टा पाहायचा. असे अनेक स्पंद पाठवून प्रत्येक वेळेची नोंद ठेवली की उन्हाचे फोटॉन विखुरलेले दिसतात आणि वस्तूवरून आलेले एकाच जागी साठतात. धुक्यातही जवळच्या थेंबांवरून परतणारा प्रकाश असा वगळता येतो. मात्र धुक्याने वाटेतच विखुरलेला प्रकाश झडप परत आणू शकत नाही.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. पट्टे जास्त तर स्पंद जास्त आणि वेळही जास्त. ताशी ७२ किमी वेगाची मोटार सेकंदाच्या दहाव्या भागात २ मीटर पुढे जाते.

१९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून पाठवलेला लेसर सुमारे अडीच सेकंदांनी परततो आणि तेथेही ग्राहक अपेक्षित क्षणाच्या आसपासच उघडतात. पण चंद्राचे अंतर आधीच बरेचसे ठाऊक असते. रस्त्यावर मूल नेमके कुठून धावत येईल, हे कोणाला ठाऊक? म्हणूनच, कोणताही पट्टा फार काळ न पाहता सोडायचा नाही, ही खरी कसोटी आहे.

विद्यार्थ्यांना हे गणित द्यावे : प्रतिसाद ४०० नॅनोसेकंदांनी आला, तर वस्तू किती दूर? (६० मीटर.) झडप १०० नॅनोसेकंदांनी उघडली, तर काय दिसणार नाही? (पहिले १५ मीटर.) आणि मग विचारावे : त्या १५ मीटरांत कोण असू शकेल?