साक्याचा प्रश्न आणि ग्रंथालयातील शोध

हापूस आंबा वरून निर्दोष दिसावा व कापल्यावर आतील गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघावा, हा अनुभव रत्नागिरी जिल्ह्यातील बागायतदारांस नवा नाही. ह्या विकृतीस साका म्हणतात. ती बाहेरून ओळखता येत नाही. पेटी गिऱ्हाइकाच्या घरी उघडल्यावरच नुकसान कळते. कृषी पदवीचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात आले म्हणजे हा प्रश्न त्यांना हटकून विचारला जातो. उत्तर कोठे व कसे शोधावे, हे त्यांस त्यापूर्वी शिकविलेले असले पाहिजे.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. अशा विद्यापीठांच्या ग्रंथालयांस संशोधनपत्रिका संगणकावर वाचता याव्यात म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००७ साली 'सेरा' ही योजना सुरू केली. विद्यार्थ्यांचे प्रबंध 'कृषिकोश' ह्या संग्रहात पाहावयास मिळतात. परंतु तेथे 'साका' हा शब्द घालून फारसे काही हाती लागत नाही, आणि नुसता 'मँगो' घातला तर लेखांचा ढीग पुढे येतो. साक्यास तेथे 'स्पाँजी टिश्यू' म्हणतात. त्यास 'अल्फान्सो' हे नाव 'अँड' ह्या शब्दाने जोडावे, म्हणजे दोन्ही शब्द असलेले लेख तेवढे निघतात. एकाच वस्तूची दोन नावे असल्यास ती 'ऑर' ने जोडावीत. शेतकऱ्याचा मूळ शब्द मात्र वहीत टिपून ठेवावा. उत्तर त्याच्याच भाषेत परत न्यावयाचे असते.

खरे काम येथून पुढे आहे. जुन्या लेखांत साक्याचे कारण तापलेल्या जमिनीची उष्णता असे दिलेले आढळते, व उपाय म्हणून झाडाखाली आच्छादन सुचविलेले असते. बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेतील शास्त्रज्ञांनी मात्र २००४ साली 'करंट सायन्स' पत्रिकेत ह्या विकृतीचा संबंध कोयीतील बी रुजू लागण्याच्या क्रियेशी जोडला. एकच लेख वाचणारा विद्यार्थी अर्धे उत्तर घेऊन गावात जाईल. शिवाय नवा लेख निघाला म्हणून जुना उपाय खोटा ठरत नाही. चौदा आणे तयार झालेले फळ उतरविल्यास साका कमी राहतो, ही विद्यापीठाची शिफारस बागायतदारांस ठाऊक आहेच.

केवळ गोषवारा वाचून थांबू नये, तक्ते पाहावेत. प्रयोग जांभ्या जमिनीत झाला की काळ्या, किती झाडांवर, किती हंगाम, आणि तुलनेसाठी उपचार न केलेली झाडे होती काय, हे तेथेच कळते. प्रबंधातील प्रयोग पुष्कळदा एक-दोन हंगामांचाच असतो. कोकणाबाहेरील निष्कर्षावरून औषध सुचविण्यापूर्वी विद्यापीठाची चालू शिफारस ताडून पाहावी, कारण फवारणीचा खर्च विद्यार्थ्यास नव्हे, शेतकऱ्यास सोसावा लागतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांस प्रश्न देताना बागेची जमीन, झाडांचे वय, तोडणीची वेळ व साका आढळलेल्या फळांची संख्या लिहून द्यावी. विद्यार्थ्यानेही लेखाचे नाव, वर्ष व प्रयोगाचे ठिकाण उतरवून आणावे, म्हणजे पुढील हंगामात दुसऱ्या कोणास तोच शोध प्रथमपासून करावा लागणार नाही.