परतीचा माल अकराला

सकाळी 7:40. अबू धाबीतल्या मुसफ्फाच्या सनैय्यात, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, गॅरेजांच्या ओळीत एक शटर वर जातं. जुलै महिना. शटरचं हँडल आत्ताच चटका देतं. दुकान गाड्यांच्या पार्टचं, जेमतेम दहा फूट रुंद. मामा चिपळूण तालुक्यातले. वीस वर्षं इथल्याच गॅरेजांत ब्रेक खोलले, मग दुकान टाकलं. मदतीला सख्खा भाचा. पगार 1,800 दिरहम, राहणं-जेवण शाबिया वस्तीत मामांच्याच खोलीवर.

भाचा फोन बघतो. "मामा, सहा ऑर्डरी आल्यात. आणि तीन रिटर्न."

"रिटर्न कुठले ते आधी सांग."

8:15. पॅकिंग. ब्रेकपॅडचा संच हाताला लहान वाटतो, पण वजनदार. पातळ खोक्यात घातला तर कोपरा फोडून बाहेर येतो. जाड खोका दीड दिरहमला. वर बबलची गुंडाळी, टेप, लेबल. दोन दिरहमच्या खाली काही बसत नाही. खोका बंद करण्याआधी भाचा सगळ्या बाजूंनी फोटो काढतो: पार्ट नंबर, सील, आणि वजनकाट्यावर ठेवून वजन. सहा पार्सलांना पाऊण तास जातो. फोटो नसले तर पुढे भांडायला हातात काही राहत नाही.

9:30. काउंटर. गॅरेजचा पोरगा झिजलेला पॅड घेऊन येतो. सनैय्यातला धंदा असाच चालतो: जुना पार्ट आणायचा, नव्याशेजारी ठेवायचा, कान आणि भोकं जुळवायची, मग पैसे. तरी मामा विचारतात, "गाडी कुठली? मुलकिया दाखव."

मुलकिया म्हणजे गाडीचं नोंदणीकार्ड. त्यावर सतरा अक्षरांचा चेसिस नंबर असतो. मामा सुरुवात बघतात. कॅमरी म्हटलं म्हणजे भागत नाही. 'जेटी'ने सुरू झाला तर गाडी जपानची. '4टी' असेल तर अमेरिकेची, बहुतेक वेळा तिकडच्या लिलावातून इकडे आलेली. '6टी' असेल तर ऑस्ट्रेलियाची. अल्टोनाचा कारखाना ऑक्टोबर 2017 मध्ये बंद झाला, पण तिथून आखातात आलेल्या गाड्या अजून पळताहेत. नाव एक, पार्ट वेगळे निघू शकतात. मामांना हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. ऑनलाइन विक्रीच्या साइटवर मात्र गिऱ्हाईक फोटो बघतं, 'कॅमरी' वाचतं आणि बटण दाबतं. मामा त्या वेळी झोपलेले असतात.

11:00. कुरियरवाला तीन खोके टाकून जातो. हेल्मेट काढायलाही थांबत नाही, त्याच्या बाइकवर अजून ढीग आहे.

पहिला खोका पॅडचा. टोयोटाच्या पार्ट नंबरात 04465 म्हणजे पुढचे पॅड, 04466 म्हणजे मागचे. गिऱ्हाइकाला मागचे हवे होते, मागवले पुढचे. पॅड कोरे आहेत, पण कंपनीचा डबा उभा फाडलाय. परतीचं कारण लिहिलंय, 'वर्णनाप्रमाणे माल नाही.' वर्णनात 'पुढचे' हा शब्द आहे. मामा तो भाच्याला दाखवतात, भाचा मान हलवतो, दोघंही पुढे जातात.

दुसरा ऑक्सिजन सेन्सर. मामा टोक उजेडात धरतात. काजळी. आट्यांवरचं वंगणही पुसलं गेलंय. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून बसवला, दिवा विझला नाही म्हणून परत. मामांच्या डोक्यावर पाटी आहे, 'इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही.' सनैय्यात प्रत्येक दुकानात ती असते आणि गॅरेजवाले ती मानतात, कारण बसवलेला सेन्सर नवा म्हणून कुणाला विकणार? साइटवर ही पाटी लावता येत नाही. तिथे विकायचं तर परतीची फुकट सोय द्यावीच लागते.

तिसरा अल्टरनेटर. मामांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला. "काट्यावर घे." गेला तेव्हा 6.2 किलो, आला तेव्हा 5.4. आत जुना, पुलीला गंज. विकला होता 420 ला. भाचा दावा भरतो, सकाळसारखेच काढलेले तेव्हाचे फोटो जोडतो. उत्तर यायला किती दिवस लागतील ते साइटच ठरवणार.

दुपारी 12:30. समोरच्या उघड्या यार्डातलं काम थांबतं. 15 जून ते 15 सप्टेंबर, साडेबारा ते तीन उन्हात काम करायला मनाई. एकला दुकानही बंद.

4:10. शटर पुन्हा वर. मामा वहीत हिशेब मांडतात, मी बाजूला बसून बघतो. पॅड विकले 95 ला. खरेदी 60. साइटचं कमिशन 11, पोचवायचे 10, पॅकिंग 2. उरले 12, व्हॅट वेगळा. तोच संच परत आला की 95 पूर्ण द्यायचे. जायचे 10 गेले, यायचे 10 गेले, पॅकिंगचे 2 गेले, कमिशनमधून 2 कापून राहिले. तोटा 24. म्हणजे पुढचे दोन संच फुकट विकायचे. यात भाच्याचा वेळ धरलेला नाही.

मामांचा परतीलाच विरोध नाही. सदोष मालाची दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत हा ग्राहकाचा हक्क आहे, 2020 च्या 15 क्रमांकाच्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला. "फुटका माल मी दिला तर भाडंही मीच देईन," मामा म्हणतात. "पण त्याने न बघता मागवलं, त्याचंही भाडं मीच?" मला हे रास्त वाटतं. मोठ्या गोदामवाल्याला हा तोटा हजार खोक्यांत वाटून टाकता येतो. इथे सहाच खोके आहेत.

6:30. सकाळची सहा पार्सलं जातात. भाचा प्रत्येक लेबल स्कॅन झाल्याची खात्री करतो.

8:20. शेजारच्या गॅरेजचा फोरमन फाटक्या डब्यातले पॅड बघतो. "पन्नास देतो."

"साठला घेतलेत रे बाबा."

साठला सौदा ठरतो. सेन्सरला तो हातही लावत नाही.

8:50. मामा भाच्याला जवळ बसवतात. "सेन्सर साइटवरून काढ. अल्टरनेटरही काढ. कॉइल पण."

"मामा, लिव्यावरून त्या एकाने कॉइलचं विचारलंय."

लिवा इथून सुमारे दोनशे किलोमीटर. मामा क्षणभर विचार करतात. "त्याला कळव, चेसिस नंबर घेऊन दुकानात ये म्हणावं."

"एवढ्या लांब?"

"मग काय करू?"

भाचा एकेक वस्तू बंद करतो. साइटवर आता ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचे फिल्टर आणि वायपर उरलेत. पॅड ठेवलेत, पण नावाच्या आधी त्याने लिहिलंय, 'फक्त पुढचे, 04465, मागवण्याआधी चेसिस नंबर पाठवा.'