गुरूचा जय, देशाचा पराजय

यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत हुतुतूचें, म्हणजेच कबड्डीचें, पटांगण कोणास अपरिचित नाहीं. एका दमांत प्रतिपक्षाच्या हद्दींत शिरावें, गडी बाद करावा आणि दम टिकून आहे तोंच परतावें, एवढेंच ह्या खेळाचें मर्म. ना चेंडू लागतो, ना जाळें. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें तो परकीयांस दाखविला. परंतु दाखविणें निराळें आणि शिकविणें निराळें.

हें दुसरें कार्य नाशिकच्या शैलजा जैन ह्यांनीं इराणांत केलें. तेथील महिला संघास शिकवितांना त्यांनीं फारसी भाषा आत्मसात् केली आणि सरावांत योग व प्राणायाम आणिला. ज्या खेळाचें सारें बळ दमांत, त्यास ह्याहून उचित पाठ कोणता? आशियाई क्रीडास्पर्धांत २०१० व २०१४ सालीं सुवर्णपदक भारतीय महिलांचेंच होतें. २४ ऑगस्ट २०१८ रोजीं जकार्ता येथील अंतिम सामन्यांत मात्र इराणनें भारतास २७–२४ असें हरविलें.

ह्यांत स्वदेशाशीं प्रतारणा झाली काय? मुळींच नाहीं. हातचें राखून विद्या देतो तो गुरु नव्हे. शिवाय, ज्या खेळांत एकच देश सदैव जिंकतो, त्याची गोडी इतरांस फार काळ राहत नाहीं. २०२३ सालीं हांगझौ येथें भारतीय महिलांनीं तें पदक परत मिळविलें. पण तैवानशीं झुंजून, आणि अवघ्या एका गुणानें. खेळ घराबाहेर रुजल्याची ह्याहून मोठी खूण कोणती?