संगणकाची नाडीपरीक्षा

चांगला वैद्य रोग्याच्या घरी येताच औषधाची पुडी सोडीत नाही. तो आधी विचारपूस करतो, जीभ पाहतो, नाडी पाहतो आणि मगच औषध ठरवितो. घरातील संगणक आजारी पडला असता हीच रीत उपयोगी पडते. परंतु पुष्कळदा ती पाळली जात नाही. कळ दाबावी, पडदा क्षणभर उजळावा, लगेच निळा होऊन त्यावर काही अक्षरे उमटावीत आणि यंत्राने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, असे दोन-चार वेळा घडले की घरातील माणसांचा धीर सुटतो. कोणी उगाच कळ दाबीत राहतो, कोणी म्हणतो, "आतले सगळे पुसून टाका आणि नव्याने भरा." पण त्याच संगणकात आजोबांनी दोन वर्षे खपून लिहिलेल्या आठवणी असतात, घरातील मंगलकार्यांची छायाचित्रे असतात. सगळे पुसले तर यंत्र कदाचित बरे होईल. आठवणी मात्र परत यावयाच्या नाहीत. म्हणून उपायापूर्वी निदान झाले पाहिजे, आणि निदानासाठी संगणक जागा कसा होतो हे ठाऊक पाहिजे.

संगणक एकदम जागा होत नाही. तो पायरीपायरीने जागा होतो. पहिली पायरी विजेची. घरातील वीज सुमारे २३० व्होल्टची असते. संगणकातील एक पेटी तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य विजेत रूपांतर करते. दुसरी पायरी परीक्षेची. संगणकाच्या मुख्य फलकावरील एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम साठविलेला असतो. त्याला 'बायॉस' म्हणतात; अलीकडच्या संगणकांत त्याची जागा 'यूईएफआय'ने घेतली आहे. रॅम, कळफलक इत्यादी अवयव जागेवर आहेत की नाहीत, हे तो तपासतो. १९८१ साली आलेला आयबीएमचा वैयक्तिक संगणक ह्या परीक्षेत उतरला की एक आखूड शिटी देत असे. तिसरी पायरी शोधाची. बायॉस आता संगणकाचे कोठार जी डिस्क, तिचा शोध घेतो. चौथ्या पायरीवर विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली त्या डिस्कवरून भागाभागाने रॅममध्ये उतरते आणि सारा कारभार हाती घेते.

यंत्र कोणत्या पायरीवर अडखळले हे नीट पाहिले, की दोष कोठे दडला असेल याचा अंदाज येतो. दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही. तर प्लग, वायर किंवा विजेची पेटी तपासावी. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा शिट्या देते. तर बहुधा रॅमची पट्टी सैल झालेली असते. डिस्क सापडत नाही असा मजकूर पडद्यावर येतो. तर डिस्क किंवा तिची केबल यांवर संशय घ्यावा. कार्यप्रणालीचे चिन्ह दिसून मग सर्व कोसळते; तर एखादा नवा प्रोग्रॅम किंवा बिघडलेली फाइल हे कारण असू शकते.

यानंतर वैद्याप्रमाणे विचारपूस करावी. काल संगणक ठीक होता, मग मधल्या वेळात काय बदलले? नवे छपाईयंत्र जोडले काय? नवा प्रोग्रॅम घातला काय? बाहेरून जोडलेली उपकरणे काढून पाहावीत. मग 'सेफ मोड' वापरावा. ह्या रीतीत कार्यप्रणाली अगदी आवश्यक तेवढेच प्रोग्रॅम घेऊन सुरू होते. अशा वेळी संगणक नीट चालला, तर दोष बहुधा बाहेर ठेवलेल्या प्रोग्रॅमांपैकी एखाद्यात असतो. प्रत्येक खेपेस एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत टिपून ठेवावी. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

पेटी उघडावयाची झाल्यास जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच उघडावी, आणि त्यापूर्वी प्लग काढावा. विजेची पेटी मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तीत वीज साठून राहते. रॅमच्या पट्टीवर धूळ व दमटपणा यांमुळे मळ चढला असेल, तर कारागीर तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसतात आणि ती पुन्हा घट्ट बसवितात. तेवढ्यानेही कित्येक संगणक बरे होतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक आतील मजकुराची हानी वाढण्याचा धोका असतो.

ह्या रीतीचे महत्त्व एकदा साऱ्या जगाला पटले. १९ जुलै २०२४ रोजी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच कोसळू लागले. क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमबरोबर एक सदोष फाइल त्यांत पोचली होती. रुग्णालये, बँका, विमानतळ यांचे व्यवहार खोळंबले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली. परंतु जे संगणक सुरूच होत नव्हते, त्यांच्यापर्यंत ही सुधारणा पोचणार कशी? अखेर ठिकठिकाणी कर्मचाऱ्यांनी एकेका यंत्रापाशी बसून ते सेफ मोडमध्ये सुरू केले, ती एक फाइल काढून टाकली आणि संगणक पुन्हा चालू केला. डिस्कवरील बाकीचा मजकूर होता तसाच राहिला. घाबरून सारे पुसले असते, तर केवढा अनर्थ ओढवला असता!

तरीही प्रत्येक दुखणे बरे होतेच असे नाही. डिस्कच निकामी झाली, तर निदान अचूक असूनही हात टेकावे लागतात. म्हणून यंत्र धडधाकट असतानाच महत्त्वाच्या लिखाणाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. मग संगणक अडखळला तरी आजोबांच्या आठवणी सुरक्षित राहतात, आणि घरातील माणसांना शांत चित्ताने त्याची नाडी पाहता येते.